कुंतीचा बहर

कोल्हापूरची शाहूपुरी उभी राहिली ती काट्या-तागडीच्या जिवावर. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये ही व्यापारपेठ वसवली, तेव्हा मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. गुऱ्हाळांवरून बैलगाड्यांतून गुळाचे रवे यायचे, अडत्यांच्या दारात सौदे निघायचे, वजनं व्हायची आणि माल स्टेशनाकडं जायचा. गुळाचा बाजार पुढं मार्केट यार्डात गेला. मोजायची सवय मात्र इथंच राहिली. आजही व्हीनस कॉर्नरकडून आत शिरलं की दोन्ही हातांना काहीतरी तोललं जात असतं, गठ्ठे मोजले जात असतात, पावत्या फाटत असतात. आणि ह्याच हिशेबी वस्तीच्या आतल्या गल्ल्यांत, जिथं काही जुन्या घरांभोवती अजून चार हात माती उरली आहे, वळीव पडून गेल्यावर काही दिवसांनी दिवेलागणीला एक वास उठतो. त्याला भाव नाही, त्याची पावती कुणी फाडत नाही.

तो कुंतीचा.

कुंती म्हणजे काही मोठा वृक्ष नव्हे. मोकळी सोडली तर पंधरा-वीस फुटांपर्यंत जाते, कातरत राहिलं तर कमरेएवढं गच्च कुंपण होऊन बसते. कुणी तिला कामिनी म्हणतं, कुणी पांढरी. सह्याद्रीच्या जंगलात ती कुणी न लावता वाढते, तिथूनच ती बागांत उतरली. खोडाची साल फिकट, लाकूड पिवळट आणि इतकं चिवट की जावा बेटावर कट्यारींच्या मुठी त्याच्या करत आले आहेत. पानं बारकी, गडद, चकचकीत. त्यातलं एखादं तोडून उन्हासमोर धरावं; आत सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. ते तेलाचे. लिंबाच्या पानात तेच ठिपके, कढीपत्त्याच्या पानात तेच. मागच्या दाराशी मोरीच्या पाण्यावर वाढणारा कढीपत्ता, विहिरीकडेचं कागदी लिंबू आणि फाटकाजवळची कुंती ही एकाच कुळातली मंडळी. घरातल्या माणसांना पत्ता नसतो आणि अंगणात एक सबंध गोत नांदत असतं.

कळ्या धरल्याचं ती कळू देत नाही. फांद्यांच्या शेंड्यांना बारीक हिरवट दाणे येतात, मग ते लांबट होतात, पांढुरके होतात आणि तसेच थांबून राहतात. एका झाडावरच्या सगळ्या कळ्या एकमेकींसाठी थांबतात, आणि गल्लीतल्या सगळ्या झाडांवरच्याही. चौथ्या गल्लीतली कुंती ज्या संध्याकाळी फुलायला घेते, त्याच्या मागंपुढंच पाचव्या गल्लीतली फुलते. मध्ये भिंती आहेत, चारमजली इमारती आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत. पण दोघींवर पाऊस एकच पडलेला असतो, आणि त्याआधीचा उन्हाळाही दोघींनी एकच काढलेला असतो.

मग एके दिवशी उजेड मावळताना फुलं उघडायला लागतात. पाच पाकळ्या, टोकाशी मागं वळलेल्या. आत दहा पुंकेसर, एक लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब, अशा क्रमानं लावलेले. नुसत्या डोळ्यांनी दिसतात, फक्त जरा वाकावं लागतं. वास संत्र्याच्या मोहराचा, त्यात थोडा मोगरा मिसळलेला. रात्र चढत जाते तसा तो दाट होतो. पावसाळी, जड हवेत तो फार वर जात नाही; जमिनीलगत, गल्लीच्या उताराबरोबर पसरत राहतो. बंद दुकानांच्या शटरांवरून, उभ्या टेम्पोंच्या खालून, रात्रपाळीच्या रखवालदाराच्या खुर्चीपर्यंत. माणसं खिडकी उघडतात आणि काय झालं ते न कळून पुन्हा लावून घेतात. ज्यांना कळतं ते उघडीच ठेवतात.

सकाळी झाड पांढरं झालेलं असतं. पानं दिसत नाहीत. आणि त्या पांढऱ्यातून एक अखंड गुणगुण येत असते. सातेरी मधमाश्या असतात, त्याहून लहान फुलोरी असतात, आणि अगदी बारक्या, डंख नसलेल्या पोयाच्या माश्याही. सिमेंटच्या ह्या वस्तीत इतक्या माश्या राहतात तरी कुठं, हे वर्षभर कळत नाही. त्या दिवशी मात्र सगळ्या हजर होतात. अशा सकाळी मला कुंतीजवळ चप्पल घालून जाववत नाही. कुणी सांगितलेलं नाही, असं कुठलं व्रतही नाही. पाय आपोआप पायरीवरच थांबतात, चप्पल सुटते आणि ओल्या मातीत अनवाणीच उभं राहावं लागतं. बोलायचं झालं तर आवाज उतरतो. देवघराबाहेर माझ्या वाट्याला येणारं एवढं एकच सोवळं.

दुपारनंतर पाकळ्या गळायला लागतात. दोन-तीन दिवसांत सगळं आटोपतं. खाली पांढरा थर, त्याच्या कडा तपकिरी होत चाललेल्या, आणि वर पुन्हा साधं हिरवं झुडूप. दर बहराचं आयुष्य एवढंच. मात्र पावसाळ्यात उघडीप आणि सर यांचा मेळ बसला की ती पुन्हा फुलते, आणि दिवाळीच्या आसपासही कधी कधी एक हलका बहर देऊन जातो.

ही फुलं देवाला जात नाहीत. महाद्वार रोडवर अंबाबाईच्या देवळाकडं जाताना फुलवाल्यांच्या टोपल्या बघाव्यात. झेंडू आहे, शेवंती आहे, गुलाब आहे, मोगऱ्याचे गजरे आहेत, कमळं आहेत. कुंती नाही. ती खुडली की हातातच पाकळ्या सुटतात. गजरा करायला घ्यावा तर दोऱ्याला नुसते देठ उरतात. पडलेली वेचून न्यावीत, तर जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालतं ते पारिजातकासारखं एखादंच. म्हणजे ओच्यात घेऊन कुठं नेण्यासारखी ही गोष्टच नाही. जिथं ती आहे तिथंच जावं लागतं, तिच्या वेळेला. मला हे फार बरं वाटतं. बाजाराला मात्र राहवत नाही. फूल विकता येत नाही तर त्यानं पान उचललं: लग्नाच्या स्टेजवर आणि पुष्पगुच्छांत भरणीला जी हिरवी डहाळी असते, त्यात कामिनीची पानं असतात, जुड्या बांधून विकायला येतात. वास घरी ठेवून पाल्याचा धंदा! शाहूपुरीला तरी ह्याचं नवल वाटायचं कारण नाही.

ह्या झाडाची राखण कशी करायची, ते मला एका वयस्क माळीमामांनी शिकवलं. मूळचे ते करवीर तालुक्यातले, स्वतःचा थोडा ऊस असलेले. मार्च संपत आला की मी पाइप घेऊन उभी राहायची, कारण कुंती धुळीनं माखलेली, पानं गुंडाळलेली, बघवत नाही अशी असते. मामा म्हणायचे, “वैनी, पानी तोडा आता हिचं. लाड केल्यावर झाड नुसतं पाल्यावर जातंय. तानलं की फुलतंय बगा.”

हा तर लिंबू-संत्र्याच्या बागाईतदारांचा जुना धडा. विदर्भातला संत्र्यावाला बागेचं पाणी तोडतो, जमिनीला भेगा पडू देतो, पानं मलूल होऊ देतो. त्याला ताण देणं म्हणतात. पाणी नसलं की झाडाची पालेदार वाढ थांबते, केलेलं अन्न फांद्यांत साठून राहतं, आणि डोळ्यांत पानांऐवजी फुलं तयार व्हायला लागतात. मग पाणी सोडलं, की बहर. जूनमध्ये धरला तर मृग बहर, पावसाळा सरताना धरला तर हस्त बहर, थंडी संपताना धरला तर आंबिया. कुंती त्याच कुळातली, तिचंही पोटातलं यंत्र तेच. फरक इतकाच की तिच्या बहराची कुणाला गरज नसल्यानं तिला ताण देण्याचं काम कोल्हापूरचा उन्हाळाच करतो आणि ताण सोडण्याचं काम वळीव करतो. माणसानं मध्ये पडायचं नाही. मध्ये न पडणं हे पाणी घालण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. एप्रिलच्या दुपारी तहानलेल्या झाडासमोरून भरली बादली घेऊन तुळशीकडं जायचं म्हणजे मन घट्ट करावं लागतं.

अर्थात हे मुरलेल्या झाडाचं. नव्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षं असं उपाशी ठेवायचं नाही. त्याला मुळं खोल जाऊ द्यायची, आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी द्यायचं, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवायचं. कुंडीतल्या कुंतीला तर असा ताण झेपतच नाही.

दुसरी गोष्ट कात्रीची. कुंतीची फुलं फांद्यांच्या शेंड्यांना येतात, आणि कात्री आधी शेंडाच खाते. शहरातल्या रस्त्यांच्या मधोमध, बागांच्या कडेनं, कार्यालयांच्या फाटकांशी कुंतीची कुंपणं असतात, काटकोनात कापलेली, वरून पातळी लावल्याइतकी सपाट. दर पंधरवड्याला तिथं कात्री चालते. त्या झाडांना फुलं येतात हे कापणाऱ्यालाही ठाऊक नसावं, कारण त्यानं ती कधी येऊच दिलेली नाहीत. मला त्या सपाट हिरव्या भिंतींचा राग येतो, हे कबूल. फुलू शकणारं झाड वर्षानुवर्षं आपल्यासमोर उभं असावं आणि आपण त्याच्याकडून फक्त रेषा सरळ ठेवून घ्यावी! छाटायचंच असेल तर एक मोठा बहर झडून गेला की लगेच छाटावं. वाळकं काढावं, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, आत ऊन-वारा शिरेल इतकं विरळ करावं. मग हात आवरावा. नवे शेंडे फुटतील, तेच पुढच्या कळ्या आणतील.

मातीचं म्हणाल तर कुंती फारशी चोखंदळ नाही, पण तिला पाय ओले ठेवून उभं राहणं सोसत नाही. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात फाटते. खड्डा घेताना त्यात शेणखत, थोडी वाळू आणि विटांचे तुकडे घातलेले बरे. काळ्या मातीत चुनखडी जास्त असली, वरून बोअरचं जड पाणी मिळालं, की कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळं झाडाला घेता येत नाही. हिराकस अगदी पातळ करून पानांवर फवारला की फरक दिसतो. शेणखत नेमानं पडत गेलं तर ती वेळ कमी येते.

पाय ओले म्हटल्यावर पुराचं सांगायलाच हवं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर आलं की इशारा, ४३ फुटांवर आलं की धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या लहान पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तशीच. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फिरतं आणि शाहूपुरीच्या सखल भागात शिरतं. कुंभार गल्लीत ऐन गणपतीच्या तोंडावर मूर्ती उचलून हलवायची धावपळ उडते. त्या दिवसांत झाडांकडं कोण बघणार? पाणी ओसरल्यावर दिसलं: खालची पानं राखाडी, खोडाभोवती बोटभर जाडीचा चिकट गाळ, त्याला एक कुबट वास. खोलगट जागेतल्या काही कुंती गेल्या. मुळांना हवा मिळाली नाही की झाड वरून हिरवं दिसत दिसत आतून मरतं, हे तेव्हा अनेक अंगणांत बघायला मिळालं. ज्या जरा चढावर होत्या त्या वाचल्या. गाळ आधी खोडापासून ओढून काढायचा, माती हलक्या हातानं मोकळी करायची, काळ्या पडलेल्या काड्या छाटायच्या, आणि खताला हातही लावायचा नाही. नवी फूट दिसेपर्यंत आजाऱ्याला जेवण नको. काही झुडपांनी महिनाभर काहीच केलं नाही. मग बुंध्यातून, अगदी जमिनीलगत, तांबूस-पोपटी कोंब आले.

कुंतीच्या पानांवर कधी पाखराच्या शिटेसारखं काहीतरी दिसतं. ते पुसू नये. ती फुलपाखराच्या सुरवंटाची लहानपणीची युक्ती असते, खाणाऱ्याला किळस यावी म्हणून. काही दिवसांत तोच सुरवंट हिरवागार, गुबगुबीत होतो. त्याला डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं एक शिंग बाहेर काढतो आणि उग्र वास सोडतो. लिंबावर, कढीपत्त्यावर आणि कुंतीवर वाढणारी ही फुलपाखरं एकाच गोतातली. काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ मिरवणारं कॉमन मॉर्मॉन शाहूपुरीत वरचेवर दिसतं. त्याचंच मोठं, निळ्या छटेचं भावंड म्हणजे ब्लू मॉर्मॉन, आपली राणी पाकोळी. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं तिला राज्य फुलपाखरू केलं. देशात असा मान देणारं हे पहिलं राज्य. चार पानं कुरतडली गेली म्हणून औषध मारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पाकोळी हवी असेल तर आधी अळी जेवू घालावी लागते. पिठ्या ढेकूण झाला तर गोष्ट वेगळी. त्याला पाण्याचा जोराचा फवारा आणि निंबोळी अर्क पुरतो.

एक पाहुणा मात्र खरोखर घातक आहे. सिट्रस सायला नावाची, डोळ्याला नीट दिसणारही नाही अशी कीड कुंतीच्या कोवळ्या फुटीवर वाढते आणि लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते. अमेरिकेतल्या फ्लोरिडात १९९८ मध्ये ही कीड पहिल्यांदा सापडली ती घरांच्या परसातल्या कुंतीवरच. २००५ मध्ये रोगही सापडला, आणि संत्र्यांच्या त्या प्रांताची दैना झाली. कुंतीची रोपं हलवण्यावर तिथं निर्बंध आले. शाहूपुरीतल्या कुंतीनं कुणाचं काही बिघडत नाही, पण मोसंबी-संत्र्याच्या बागेच्या बांधावर तिला लावू नये.

फ्लोरिडात कुंपणाला व्हायबर्नम नावाचं झुडूपही लावतात, त्यावरून आठवलं. पांढऱ्या फुलांचे गुच्छ, सुगंध, मागून येणारी रंगीत फळं, पाखरांची वर्दळ. थंड देशांतल्या बागांत कुंतीची जागा ह्या व्हायबर्नमनं घेतलेली आहे. तिच्या काही जाती आपल्या हिमालयातल्या. त्यातली एक गढवाल-काश्मीरकडं थंडी सरताना निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी झाक असलेली सुवासिक फुलं आणते. वेल्समधल्या बॉडनंट बागेत तिचा चिनी बहिणीशी संकर झाला आणि भर हिवाळ्यात फुलणारं झुडूप जन्माला आलं. हौशी लोक विचारतात, इथं लावता येईल का? तिला फुलायला कडक थंडी हवी. आपल्या जानेवारीतली पहाटेची शाल तिच्या गणतीतही नाही. तिनं थंडी सोसून फुलायचं, आपल्या कुंतीनं तहान सोसून.

बहर गेल्यावर पुढच्या दोन-एक महिन्यांत फळं पिकतात. आधी हिरवी, मग नारिंगी, मग लालभडक, करंगळीच्या नखाएवढी. ही माणसांसाठी नसतात. बुलबुल येतात, लालबुडेही आणि तुरेवाले शिपाईही, आणि एका फांदीवरून दुसरीवर जाताना भांडतात. म्हणून छाटणी करताना एक बाजू तशीच सोडावी. पाखरांनी खाल्लेली बी भलतीकडं उगवते: तुळशीवृंदावनाच्या फटीत, गटाराच्या कडेला, शेजारच्या गच्चीवर टाकून दिलेल्या डब्यात. आपणही करू शकतो. पिकलं फळ चोळून गर धुवायचा. आत एक-दोन लवदार बिया निघतात. त्या वाळवून डबीत ठेवल्या तर वाया जातात, ताज्याच टाकायच्या. रोप सावकाश वाढतं, फुलं यायला वर्षं लागतात. घाई असेल त्यानं पावसाळ्यात जून फांदीवर गुटी बांधावी.

मी मात्र बीचीच रोपं करते. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत, भिंतीच्या सावलीला. गल्लीतल्या बायका मागून नेतात. कुणाला ओटीभरणाच्या दिवशी द्यायला हवं असतं, कुणाला गच्चीवरच्या कुंडीत लावायचं असतं. यंदा एक रोप कुंभार गल्लीत गेलं. नेणाऱ्या वैनींना लावायची जागा विचारून घेतली आणि सांगितलं: मागच्या भिंतीपासून हातभर पुढं लावा, नाल्याच्या बाजूला आधी टोपलीभर मुरूम टाकून चढ करा, आणि पहिली दोन वर्षं कात्री लपवून ठेवा.